वाळवी नावाचा फोल्डर

पडद्यावर चौकट आली: "२१२ पैकी ० फाइली सापडल्या." खाली एकच बटण होतं, "ठीक आहे". यात ठीक काय होतं ते मला आजवर कळलेलं नाही, पण दुसरं बटणच नसल्यामुळे मी ते दाबलं.

भीतीबद्दल माझं वाचन बरं आहे. युद्धांच्या, तुरुंगांच्या, भुतांच्या कितीतरी हकिगती मी उशी पाठीशी घेऊन वाचल्या आणि त्यानंतर निवांत झोपलो. त्या शून्याला मात्र मी घाबरलो. कारण त्या दोनशे बारांपैकी एका ओळीवर माझ्या शेजाऱ्याच्या मुलीची डॉक्टरकी उभी होती, आणि ती ओळ कुठल्या पानाकडे बोट दाखवते हे जगात फक्त मला ठाऊक होतं. मलाही आता होतं की नव्हतं, कोण जाणे.

मी परळीत राहतो. आयुष्यभर इतिहास शिकवला आणि निवृत्त झालो. माझे वडील निजामाच्या राज्यात चार यत्ता उर्दूतून शिकले होते. त्यांनी मला ती लिपी शिकवली, ती सुद्धा शिक्षा म्हणून. मी उन्हाळ्यात फार हुंदडायचो. त्या शिक्षेमुळे म्हातारपणी मला भाव आला. धर्मापुरीच्या रस्त्यावरच्या एका गावातल्या जुन्या शाळेकडे सात दाखल-खारीज रजिस्टरं होती. कोण मूल कधी शाळेत आलं, कधी गेलं, बापाचं नाव काय, जात काय, सगळं उर्दूत. बापाच्या नावाच्या रकान्याला 'वल्दियत', जातीच्या रकान्याला 'कौम'. ती वाचू शकणारा गावातला शेवटचा माणूस वारला, तेव्हा शाळेला माझी आठवण झाली.

काम साधं होतं. प्रत्येक पानाचा फोटो काढायचा, संगणकात टाकायचा आणि आमच्या लोकांची नावं असलेली पानं वेगळी काढायची. आमच्या म्हणजे छप्पन साली ज्यांनी बौद्ध धम्म घेतला त्या घरांची. सवलतीच्या दाखल्याला आज्या-पणज्याची जुनी नोंद लागते. ज्या शब्दापासून सुटायला आमच्या बापजाद्यांनी धर्म बदलला, तोच शब्द 'कौम'च्या रकान्यात सापडावा म्हणून आम्ही आता जीव टाकतो. सापडला की पेढे वाटतो. इतिहास शिकवून मी जेवढा हसलो नव्हतो तेवढा हे रजिस्टर वाचून हसलो, आणि हसणं पुरं होण्याआधीच थांबलो.

सात रजिस्टरांचे मी सात फोल्डर केले. नावं त्यांच्या रूपावरून दिली: लालपाठ, भिजकं, बिनपुठ्ठ्याचं, जाडं, जळकं, शाईसांडलं आणि वाळवी. प्रत्येक रजिस्टराच्या पहिल्या पानाला नंबर एक द्यायचा ही माझी मास्तरकीची शिस्त. त्यामुळे संगणकात एक नंबरची सात पानं झाली, दोन नंबरची सात, आणि तशीच पुढे. ती शिस्तच पुढे मला खाणार होती.

फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये हवी ती पानं निवडून त्यांची यादी ठेवता येते. यादीची प्रत्येक ओळ म्हणजे पानाचा पत्ता: अमुक फोल्डर, अमुक नंबर. मेन्यूत मराठीत लिहिलेलं असतं, 'यादी निर्यात करा', 'यादी आयात करा'. निर्यात म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाला कांदा आठवतो, आणि कांद्याची निर्यात कधी बंद पडेल सांगता येत नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

शेजारी थर्मल वीज केंद्रात नोकरीला आहे. त्याच्या अंगणातल्या तुळशीवर आणि माझ्या खिडकीतल्या पुस्तकांवर एकाच चिमणीची राख पडते, एवढं आमचं शेजारपण जुनं. त्याच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला, पण तात्पुरता. जात पडताळणीचं पत्र आलं: पणजोबांच्या शाळेची जुनी नोंद जोडा, सोमवार शेवटचा दिवस. मी त्याला म्हणालो, "निवांत राहा, तुमच्या आज्याचं पान मी उन्हाळ्यातच काढून ठेवलंय." आणि खरंच ठेवलं होतं. 'वाळवी' फोल्डर, पान एकशे सत्तेचाळीस.

दरम्यान शाळेचा 'डिजिटल अभिलेख कक्ष' उद्घाटनाला निघाला. कक्ष म्हणजे तीच खोली. फक्त दाराला फीत बांधली होती. संस्थेच्या अध्यक्षांनी नवा संगणक आणवला, जुन्यातलं सगळं शाळेच्या लिपिकानं नव्यात भरलं आणि जुना पुसून टाकला. माझी यादी मी आधीच पेन ड्राइव्हवर निर्यात करून घेतली होती, याचा मला अभिमान वाटत होता.

अध्यक्ष अडीच तास उशिरा आले. नारळ फुटला. मॉनिटरला झेंडूचा हार घातला, पुढे उदबत्ती लावली. आपल्याकडे हा मान माणसाला सहसा वारल्यावर मिळतो. एंटरच्या बटणावर कुंकू लावलं. फलकावर लिहिलं होतं 'ज्ञानाचा डिजिटल महासागर'. महासागरातून एकही पान कुणी उघडून बघितलं नाही. सगळ्यांनी भिंतीवर फोल्डरांची रांग बघितली, टाळ्या वाजवल्या आणि जेवायला गेले.

पाहुणे गेल्यावर मी खुर्चीत बसलो, पेन ड्राइव्ह लावला, यादी आयात केली. आणि ते शून्य आलं.

"फोल्डर कुठायत माझे?" मी लिपिकाला विचारलं.

"हे काय सर, समोर." त्यानं बोट दाखवलं. श्री ज्ञानगंगा. श्री ज्ञानसागर. श्री ज्ञानदीप. श्री ज्ञानज्योती. श्री ज्ञानयज्ञ. श्री ज्ञानमंदिर. श्री ज्ञानामृत.

"ही नावं कुणी दिली?"

"मीच दिली. सर, पाहुण्यांपुढं पडद्यावर 'वाळवी' दिसली असती तर कसं वाटलं असतं? 'जळकं' म्हणं! शुभ कामात? अध्यक्षांनी मला जाळलं असतं."

"आणि श्री कशाला?"

"श्रीशिवाय सुरुवात करायची कशी?"

यादी बिचारी वाळवीच्या दारात उभी राहून हाका मारत होती आणि त्या पत्त्यावर आता कुणी राहत नव्हतं.

लिपिक हुशार आहे. त्यानं माझी यादी उघडली, न्याहाळली आणि म्हणाला, "सर, टेन्शन कावून घेता? नंबर तर तेच हायेत ना? फोल्डरचं नावच उडवून टाकू." त्यानं दोनशे बारा ओळींतून पत्ता एका झटक्यात पुसला, नुसते नंबर ठेवले आणि यादी पुन्हा आयात केली. चौकट आली: "२१२ पैकी २१२ फाइली सापडल्या."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. आज ती थाप आठवली की माझा तळहात गरम होतो.

एकशे सत्तेचाळीस नंबरचं पान मी उघडलं. शेजाऱ्याच्या आज्याचं नाव वारावरून ठेवलेलं. जन्मला तो वार. आमच्या वस्तीत त्या पिढीतली सगळी गडीमाणसं सात दिवसांत बसायची. पानाच्या मध्यावर ते नाव दिसलं, 'कौम'चा रकाना जुळला, आणि मी पुढे बघितलं नाही. मी ते पान वाचलं नाही, नुसतं ओळखलं. यादी चाळताना काही पानं दोनदा येऊन गेली, तेही मला खटकलं नाही. प्रत काढली, मी देवनागरीत उतारा लिहिला, वल्दियतीच्या जागी शेजाऱ्यानं वंशावळीत दिलेलं नाव घरच्यासारखं बसवलं, मुख्याध्यापकांनी शिक्का मारला. शेजारी शुक्रवारी संध्याकाळी कागद घेऊन गेला. जाताना माझ्या पाया पडला. मी नको नको म्हणत पाय पुढेच ठेवले.

सोमवारी सकाळी तो आणि मुलगी पहिल्या गाडीनं बीडला पडताळणीच्या कार्यालयात गेले. मी चहा पीत होतो. आतून बायकोचा आवाज आला.

"अहो, जरा इकडं या. चौकटीला वाळवी लागली का काय बघा. भोकंच भोकं पडलीत."

मी उठलो. चौकटीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं होती, ओळीनं. मी बोट लावलं, पिवळा भुगा पडला. आणि तिथेच उभ्या उभ्या मला ते पान आठवलं.

शुक्रवारच्या पानाला एकही भोक नव्हतं.

मी आत जाऊन वही काढली. उन्हाळ्यात टिपलं होतं: 'वाळवी, १४७. शेजाऱ्याचा आजा. वल्दियतच्या मधोमध भोक. चार ओळी खाली थोरला भाऊ, तिथे वल्दियत शाबूत.' शुक्रवारच्या प्रतीची झेरॉक्स मी ठेवली होती. ती उजेडात धरली. कोरं करकरीत पान. वारावरून ठेवलेलं तेच नाव. वल्दियत दुसरीच. चार ओळी खाली भाऊ नव्हता. एका सुताराचा मुलगा होता.

आता सगळं कळलं. पत्ता पुसल्यावर यादीला फक्त नंबर उरले, आणि सॉफ्टवेअर त्या घटकेला ज्या फोल्डरमध्ये उभं होतं त्यातच त्यानं ते नंबर शोधले. लिपिक उभा होता सगळ्यात जाड्या रजिस्टरात, म्हणून सगळे नंबर भेटले. सगळे चुकीचे, आणि सगळे सापडलेले. शून्य आलं होतं तेव्हा यंत्र खरं बोलत होतं.

"काय झालं?" बायको म्हणाली. "चौकटच आहे, बदलू. एवढं पांढरं व्हायला काय झालं?"

मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. पाचव्यांदा लागला.

"बोला सर. लायनीत हाय. लई गर्दी हाय, माझ्यापुढं दहाबारा जण असतील."

"ते शाळेचं पान देऊ नका."

"आं?"

"देऊ नका. ते तुमच्या आज्याचं नाही."



"कावून सर? नाव तर आज्याचंच हाय की. कौम बी तीच. शिक्का बी हाय."

"बापाचं नाव दुसरं आहे."

"ते वाचनार कोन हाय सर हितं? ह्यांला उर्दू येतंय व्हय? तुमीच तर वाचून दिलतं."

आयुष्यात मला कुणी एवढं भयंकर वाक्य बोललं नव्हतं. तो टोमणा मारत नव्हता. विश्वासानं बोलत होता. वाचणारा मी एकटाच उरलो होतो. मी वाचेन ते खरं, आणि मी तर वाचलंच नव्हतं.

"मूळ रजिस्टर बघायला त्यांचा माणूस येतो," मी म्हणालो. "ते वाचणारा आणतात. तेव्हा उघडं पडलं तर पोरीच्या नावावर खोटा कागद लागेल. प्रवेश तर जाईलच, पुन्हा तिच्या कुठल्याच कागदावर कुणी विश्वास ठेवणार नाही."

"आज शेवटचा दिस हाय सर." आवाज खाली आला. "काहीच न्हाई दिलं तर बी जातंय, हे दिलं तर बी जातंय. मग मी करू काय?" मागून मुलीचा आवाज आला, "पप्पा, काय म्हणतात सर?"

"खरं पान पाठवतो."

"किती टाइम?"

"एक तास," मी म्हणालो. तो आकडा कुठून आला ते मला माहीत नाही. त्या रस्त्यानं स्कूटर चालवायलाच अर्धा तास लागतो.

त्या अर्ध्या तासात मी एकच गोष्ट मनात घोळवत होतो: ते पान फोटोत आलंच नसेल तर? लिपिकानं सात फोल्डर भरताना एखादा राहिला असेल तर? जुना संगणक पुसलेला. मूळ रजिस्टर आता कुठे असेल? डिजिटल झाल्यावर मूळ कागदाचं काय करतात हे मला माहीत आहे. मी शिकवायचो त्या शाळेनं ते पोत्यात भरून न्हाणीघरात ठेवले होते. समोरून कोळशाच्या राखेचा टँकर आला, मी रस्त्याच्या खाली उतरलो, पुन्हा वर आलो.

शाळेत लिपिक चहा पीत होता.

"सर, शुक्रवारी तर सगळ्या फाइली सापडल्या होत्या!"

"तोच घोळ आहे. उघड. सातही फोल्डरमधलं एकशे सत्तेचाळीस."

"कुठून सुरू करू?"

"श्रीपासून कर," मी म्हणालो. तो हसला नाही. माझं तोंड बघूनच असेल.

ज्ञानगंगेत तेच कोरं करकरीत पान. ज्ञानसागरात पाण्याचे डाग, अक्षरं वाहून गेलेली. ज्ञानदीपाचं पान एका बाजूनं जळकं. दिव्याचं नाव तेवढं योग्य पडलं होतं. ज्ञानज्योतीत समासात कुणी पेन्सिलीनं पोपट काढलेला. ज्ञानयज्ञात शाईचा तळहाताएवढा डाग. ज्ञानमंदिरातलं रजिस्टर एकशे चाळीसलाच संपत होतं. फोनवर शेजाऱ्याचा निरोप आला: 'पुढं तिघंच.'

सातवा फोल्डर श्री ज्ञानामृत. लिपिकानं क्लिक केलं, पडदा पांढरा झाला, आणि मग पान आलं. चाळणीसारखं. मी आयुष्यात एवढं सुंदर भोक बघितलं नाही. वल्दियतच्या बरोबर मधून गेलेलं, नावाचं डोकं एका बाजूला, शेपूट दुसऱ्या बाजूला. चार ओळी खाली थोरला भाऊ, बापाचं नाव अख्खं. मी मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं, एकेक अक्षर बोटानं, वडील मला शिकवायचे तसं. मग लिपिकाला म्हणालो, "आता तू माझ्या तोंडाकडे बघ, मी तिसऱ्यांदा वाचतो. अडखळलो तर सांग." त्याला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं, पण त्यानं इमानदारीनं बघितलं.

नवा उतारा, शिक्का, सही, फोटो. पाठवला तेव्हा एक तास वीस मिनिटं झाली होती. पलीकडून दोन खुणा निळ्या झाल्या, उत्तर आलं नाही.

उत्तर दुपारी आलं, दोन ओळींचं. तिथल्या साहेबांनी फोनवरचं पान छापून आणायला लावलं, नोंदवून घेतलं, शिक्क्याची प्रत दुसऱ्या दिवशी द्यायला सांगितली.

दिवे लागायच्या वेळी शेजारी आला. हातात शुक्रवारचं चुकीचं पान. बायकोनं पाणी दिलं, ते त्यानं तसंच धरून ठेवलं.

"खरं सांगू का सर? तुमचा फोटो येईना आन् माझा नंबर आला. मी हे पान ठिवलं तेंच्या टेबलावर."

"मग?" मी विचारलं.

"पोरीनं उचललं परत. म्हनली, साहेब, ह्ये आमचं न्हाई, आमचं येतंय. सायब म्हनला, मग बाजूला हुबं ऱ्हावा. लोकं हसली. अर्धा तास भिताडाला टेकून हुबी होती, माझ्याकडं बघितलं बी न्हाई." त्यानं पान माझ्यापुढे ठेवलं. "ह्ये तुमीच ठिवा. ह्यो बी कुणाचा तरी आजा हाय."

काही आठवड्यांनी मूळ रजिस्टर बघायला पडताळणीचा माणूस आला, सोबत उर्दू वाचणारे एक वयस्क गृहस्थ. रजिस्टर पोत्यात नव्हतं. कपाटाच्या तळाशी होतं, उद्घाटनाच्या फलकाखाली. गृहस्थांनी पान खिडकीशी धरलं, छापलेली प्रत त्यावर ठेवली आणि उजेडात बघू लागले. ते भोकावर भोक जुळवत होते. एकेक जुळलं. अशी भोकं बनावट कागदाला पाडायची तर वाळवीलाच नेमावं लागलं असतं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "याचा फोटो संगणकात कुठे?"

"श्री ज्ञा..." लिपिकानं सुरुवात केली आणि पडद्याकडे बघून थांबला. ते नाव मी आदल्या दिवशी बदललं होतं. फोल्डरावर पुन्हा लिहिलेलं होतं: वाळवी.

आलेल्या माणसानं वहीत टिपून घेतलं, 'फोल्डर वाळवी, पान १४७', आणि सही केली.

मुलीला दाखला मिळाला. ती आता कॉलेजात आहे. सुट्टीत आली की लांबून हात करते. बाकीचे सहा फोल्डर अध्यक्षांच्या इच्छेप्रमाणे अजून ज्ञानात बुडालेले आहेत. मी दर मंगळवारी स्कूटर काढून शाळेत जातो आणि यादीतली एकेक ओळ मूळ पानाशी ताडून पत्त्यासकट पुन्हा लिहितो. नव्वदाव्या ओळीपर्यंत आलोय. ते चुकीचं पान वहीत ठेवलं आहे. त्याची वल्दियत मी आता नीट वाचली आहे. त्याचा नातू किंवा पणती कुठेतरी असेल, आणि एक दिवस कागद मागायला येईल. मी असेपर्यंत यावं.